सात दिवसांचे पाणी एका दिवशी घालता येत नाही



संसारातील मोठे प्रसंग आपण मन लावून पार पाडतो. मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, घराचे बांधकाम, आई-वडिलांचे आजारपण अशा वेळी पती-पत्नी एकमेकांच्या शेजारी उभे राहतात. परंतु ज्या दिवशी घरात काहीच विशेष नसते, तो साधा मंगळवार किंवा गुरुवार दोघांनी कसा घालवावा, याचा विचार आपण क्वचितच करतो. खरे पाहता आयुष्य बहुतांशी अशाच दिवसांचे असते. मुले नोकरीसाठी बाहेरगावी गेली की हे अधिक जाणवते. सायंकाळी एकाच खोलीत दोघे बसलेले असतात, दोघांच्या हातांत मोबाइल असतो आणि बोलणे ‘जेवायला वाढू का?’ एवढ्यावर संपते. घरात भांडण नसते. पण ओलावाही उरलेला नसतो.

हा ओलावा टिकावा यासाठी या पाठात आपण तीन साध्या गोष्टींचा विचार करू : घरची बाग, शरीराचा व्यायाम आणि छंद. तिन्हींतून एकच सूत्र हाती येते. जे रोज थोडे-थोडे द्यायचे असते, ते साठवून एकदम देता येत नाही.

उदाहरणासाठी छत्तीसगडमधील रायपूर शहर समोर ठेवू. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध आहे. तात्यापारा, चौबे कॉलनी अशा भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तेथील ऊन आणि पाऊस दोन्ही कडक असल्यामुळे नित्यक्रमाची परीक्षाही तेथे चांगली होते.

१. उन्हाळ्याने दिलेला धडा

मे महिन्यात रायपूरचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत सहज चढतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरच्या पहिल्या नऊ दिवसांना तेथे ‘नवतपा’ म्हणतात. साधारण २५ मेपासून हे दिवस सुरू होतात. अशा वेळी गच्चीवरील कुंडीतले मिरचीचे रोप सायंकाळपर्यंत मान टाकते.

आता असे समजा की, एखाद्या गृहस्थांनी कामाच्या गडबडीत सहा दिवस झाडांकडे पाहिले नाही आणि रविवारी सगळ्या आठवड्याचे पाणी एकदम ओतले. काय होईल? कुंडीतील माती तिच्या पोटात मावेल तेवढेच पाणी धरते. उरलेले खालच्या छिद्रातून निघून जाते आणि जाताना खतातील विरघळलेला नत्रही सोबत नेते. छिद्र बुजलेले असेल, तर पाणी साचते, मातीतील हवा निघून जाते आणि मुळे कुजू लागतात. सहा दिवस तहानलेले रोप सातव्या दिवशी पाण्यानेच मरते. तेच पाणी रोज थोडे दिले असते, तर ते जगले असते. पाणी कमी पडले नव्हते, ते वेळेवर पोहोचले नव्हते.

नात्याचेही असेच आहे. लग्नाच्या वाढदिवसाला साडी, वर्षातून एक सहल, दिवाळीला एखादी वस्तू हे सर्व चांगलेच आहे. परंतु तीनशे दिवस विचारपूस न करता एका दिवशी ओतलेले प्रेम समोरच्याच्या मनात मावत नाही. ते कुंडीखालच्या ताटलीत उतरते.

झाडाला पाणी घालण्याची एक रीत आहे. आधी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. आत ओल असेल तर थांबावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात पाणी सकाळी लवकर द्यावे, म्हणजे दुपारच्या उन्हाला तोंड देण्यापूर्वी मुळांना ते मिळते. मातीवर भाताच्या पेंढ्याचा थर पसरावा. छत्तीसगडमध्ये या पेंढ्याला ‘पैरा’ म्हणतात आणि धानाच्या या प्रदेशात तो सहज मिळतो. त्यामुळे ओल टिकते. दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात रंग न दिलेला साधा सच्छिद्र माठ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवला, तर पाणी हळूहळू झिरपत मुळांपर्यंत पोहोचते. हा जुना उपाय आजही उपयोगी पडतो.

या रीतीतली पहिली पायरी आपण घरातही आणू शकतो. पाणी घालण्यापूर्वी बोट घालून पाहावे, तसेच सल्ला देण्यापूर्वी विचारून पाहावे. ‘आज दिवस कसा गेला?’ हा प्रश्न विचारून उत्तर पूर्ण ऐकणे म्हणजे मातीतली ओल पाहणे होय. अनेकदा समोरच्याला उपदेश नको असतो, केवळ कोणी ऐकावे एवढेच हवे असते.

२. बाडी : घरामागचे गुरुकुल

छत्तीसगडच्या खेड्यांत घरामागील परसबागेला ‘बारी’ किंवा ‘बाडी’ म्हणतात आणि खताच्या उकिरड्याला ‘घुरवा’. स्वयंपाकघरातील साली-देठ आणि गोठ्यातील शेण घुरव्यात जाते, घुरव्यातील खत बाडीत येते आणि बाडीतील भाजी पुन्हा स्वयंपाकघरात पोहोचते. यात टाकाऊ असे काही राहत नाही. शहरातील घरात गोठा नसला, तरी झाकणाच्या, भोके पाडलेल्या बादलीत ओला कचरा आणि वाळलेला पाला आलटून-पालटून टाकला, तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होते.

रायपूरच्या मराठी घरात भाज्यांना दोन-दोन नावे असतात. आपली अंबाडी तेथे अमारी होते, शेवगा मुनगा होतो, तोंडली कुंदरू होतात आणि कोहळा रखिया होतो. लाल भाजी, चेंच, खेडा, तिवरा अशा कितीतरी पालेभाज्या तेथील जेवणात असतात. भोकराच्या कोवळ्या पाल्याचीही भाजी होते. तिला ‘बोहार भाजी’ म्हणतात. नवीन घरात आलेल्या सुनेने शेजारणीकडून ही नावे शिकावीत, तसे बी-बियाण्यांसह शेजारही घरात येतो. बाग लावणाऱ्याला बी मागावे लागते आणि पीक आले की वाटावेही लागते. या देण्याघेण्याने मनातील संकोच कमी होतो.

ऋतूचे वेळापत्रक सोपे आहे. जून-जुलैत पावसाबरोबर भेंडी, दोडका, कारले, चवळी लावावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पालक, मेथी, मुळा, टोमॅटो घ्यावेत. फेब्रुवारीत काकडी आणि दुधी लावावा. उन्हाळ्यात लाल भाजी आणि चवळई थोड्या पाण्यावरही तग धरतात. सुरुवात पाच कुंड्यांपासून करावी. ओल्या मातीची एक मोठी कुंडी पंचवीस किलोच्या आसपास भरते. म्हणून गच्चीवर अनेक कुंड्या ठेवण्यापूर्वी इमारतीच्या जाणकाराला विचारावे आणि कुंड्या भिंतीच्या कडेने ठेवाव्यात. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासून पुसाव्यात. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. येथेही आठवड्याचा नियम मोडला, तर आपली बाग शेजाऱ्याच्या तापाचे कारण होऊ शकते.

मातीची ओळख हा या गुरुकुलातील सर्वांत मोठा पाठ आहे. छत्तीसगडचे शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतात : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा तांबडी आणि मुरमाड असते. तीत पाणी थांबत नाही. कन्हार काळी आणि भारी असते. ती पाणी धरून ठेवते, ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगा पडतात. मटासी पिवळसर व हलकी असते आणि डोरसा या दोन्हींच्या मधली. शेतकरी भाटा जमिनीला ‘तू कन्हार का नाहीस?’ असे विचारत बसत नाही. भाटा मातीत शेणखत मिसळून तिची ओल धरण्याची शक्ती वाढवतो. कन्हारमध्ये पाण्याचा निचरा कसा होईल ते पाहतो.

पती-पत्नींचे स्वभावही असेच असतात. एकाचा राग लगेच येतो आणि लगेच जातो. मनात काही थांबत नाही. दुसऱ्याच्या मनात गोष्ट बराच काळ राहते आणि ती वाळली की भेग पडते. वीस-पंचवीस वर्षे संसार झाल्यावरही आपण कित्येकदा समोरच्याची माती बदलण्याच्या खटपटीत असतो. तिचा स्वभाव ओळखून त्याप्रमाणे वागलो, तर तीच माती पीक देते. भारी मनाच्या माणसाला बोलून मोकळे होण्यासाठी वाट करून द्यावी. हलक्या मनाच्या माणसाला सांगितलेली गोष्ट पुन्हा प्रेमाने आठवून द्यावी.

सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांचे चरित्र आपल्याला ठाऊकच आहे. त्यांनी मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला. पंढरपूर जवळ असूनही त्यांनी मळा सोडला नाही आणि विठ्ठलच त्यांच्या भेटीला आला, अशी परंपरा सांगते. पूजा आटोपून मग कामाला लागावे, असा भेद त्यांच्या जीवनात नव्हता. कुंडीतले तण उपटताना आपले मनही त्याच भावाने स्थिर ठेवता येते.

३. शरीर : रोज भरावयाचे ऋण

रायपूरचा वर्षातला पहिला मोठा सण हरेली. तेथील पंचांगाप्रमाणे तो श्रावण अमावास्येला येतो. आपल्या महाराष्ट्रातील पंचांगात तोच दिवस आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस असतो. महिने मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे एकाच दिवसाला दोन नावे मिळाली आहेत. त्या दिवशी छत्तीसगडचा शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतो आणि मुले बांबूच्या ‘गेडी’वर चढून चालतात. अवजार स्वच्छ ठेवणे आणि शरीराचा तोल सांभाळणे या दोन्ही गोष्टी एकाच सणात आल्या आहेत. आपले पहिले अवजार हे शरीरच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत, असेही त्यात सांगितले आहे. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास.

आठवड्यातून एक-दोन दिवसच भरपूर व्यायाम करणाऱ्यालाही लाभ होतो, हे खरे आहे. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. तरीही शरीराची काही कामे रोजच्या हिशेबाने चालतात. व्यायामाने रक्तातील साखर वापरण्याची स्नायूंची क्षमता वाढते. परंतु हा परिणाम एक ते तीन दिवसांत ओसरतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. सहा दिवस खुर्चीत बसून सातव्या दिवशी जड वजन उचलणाऱ्याच्या पाठीला दुखापत होण्याचा धोकाही अधिक असतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागेपण या सर्वांत प्रमाण ठेवण्यास सांगितले आहे. अतिरेक आणि आळस या दोन्हींना तेथे योगात जागा नाही.

नियमाने व्यायाम करणाऱ्या दांपत्याचे एक उदाहरण पाहण्यासाठी आपण रायपूरहून सातारा जिल्ह्यातील औंधला जाऊ. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक होते. ते स्वतः रोज नमस्कार घालीत. राणीसाहेब आणि मुलेही घालीत. संस्थानच्या शाळांमध्येही त्यांनी नमस्कार सुरू केले. त्यांनी प्रजेला जे सांगितले, ते आधी स्वतःच्या घरात रुजवले होते. हा क्रम आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरात एकानेच व्यायाम केला आणि दुसऱ्याला केवळ उपदेश केला, तर तो उपदेश रुजत नाही.

दोघांनी एकत्र व्यायाम सुरू करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

अ. तुलना करू नये. एकाचे दहा नमस्कार होतात आणि दुसऱ्याचे तीन, तरी दोघांचाही त्या दिवसाचा व्यायाम पूर्ण झाला. आपली तुलना आपल्या मागच्या महिन्याशी करावी.

आ. चालण्याची जागा आणि वेळ ठरवून टाकावी. रायपूरमध्ये तेलीबांधा तलाव किंवा बूढा तालाब यांच्या काठी पहाटे अनेक जण चालायला येतात. मे महिन्यात सूर्य वर येण्यापूर्वीच चालणे संपवावे.

इ. बळ वाढवण्यासाठी घरातच सोपे व्यायाम करावेत : खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, ओट्याजवळ उभे राहून टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. प्रथम दहा वेळा करावे, आठवड्याने दोन-दोनने वाढवावे.

ई. बागकाम हाही श्रमच आहे. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. वाकून तण काढण्याने कंबर थकते, बळकट होतेच असे नाही. कुंडी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे आणि जड कुंडी दोघांनी मिळून उचलावी.

उ. हृदयविकार, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबावे.

४. वेळ कोणाचा?

येथे एक अडचणीचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. ‘व्यायामाला वेळच मिळत नाही,’ असे घरातील स्त्री म्हणते, तेव्हा तो वेळ कोठे जातो?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळ-वापराचे सर्वेक्षण केले. घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, असे त्यात दिसून आले. अशी कामे करणारे पुरुष सरासरी ९७ मिनिटे देत होते. त्यातही सुमारे ८१ टक्के स्त्रिया ही कामे करत होत्या, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण जेमतेम २६ टक्के होते. म्हणजे चार पुरुषांपैकी तीन जण या कामांना हातही लावत नव्हते.

हे आकडे वाचून कोणावर दोष ठेवण्याची गरज नाही. आपापल्या घराकडे मात्र एकदा पाहावे. पती सकाळी तासभर फिरून येतात, बागेत अर्धा तास रमतात आणि शेजारी त्यांचे कौतुक करतात. त्या दीड तासात पत्नी चहा, नाश्ता, डबा, देवपूजेची तयारी, धुणे-भांडी यांत असते. बागेतली भाजी घरात आली की ती निवडण्याचे काम पुन्हा तिच्याकडेच. मातीचे पाय घेऊन आलेल्यांच्या मागून फरशी तिलाच पुसावी लागते. अशा घरात एकाचा छंद दुसऱ्याचे ओझे होतो.

आध्यात्मिक मार्गावर चालणाऱ्याने सेवेचा अर्थ बाहेर शोधण्यापूर्वी येथे शोधावा. आपल्यामुळे समोरच्याचा अर्धा तास मोकळा होत असेल, तर ती सेवाच आहे. त्यासाठी ‘काही मदत करू का?’ असे विचारण्यापेक्षा एक काम पूर्ण आपल्याकडे घ्यावे. मदत म्हटले की, काम मूळचे तिचेच राहते. सकाळचा चहा आणि भाजी निवडणे हे माझे काम, असे पतींनी ठरवले आणि आठवणीशिवाय रोज केले, तर पत्नीलाही चालायला जाता येईल. बाहेर नोकरी करणारी पत्नी असेल, तर हा विचार अधिकच आवश्यक ठरतो.

पत्नींनीही एक गोष्ट करावी. पतींनी निवडलेली मेथी आपल्या पद्धतीची नसेल, चहात साखर थोडी अधिक झाली असेल, तरी काम परत ओढून घेऊ नये. नव्या रोपाला मूळ धरायला काही दिवस लागतात. रोज उपटून पाहिले, तर ते धरणार नाही.

५. छंद : एक सोबतचा, एक स्वतःचा

छंद हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे पुष्कळांना वाटते. रायपूरचाच इतिहास वेगळे सांगतो. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढे स्वामी विवेकानंद झालेला मुलगा, वडील विश्वनाथ दत्त यांच्याकडे रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिला. त्या वेळी रायपुरात त्याच्या योग्य शाळा नव्हती. वडिलांनीच त्याला घरी शिकवले. घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत तो बसे. याच काळात तो बुद्धिबळही शिकला, असे चरित्रकार सांगतात. रायपुरातील बूढा तालाबाला आज ‘विवेकानंद सरोवर’ हे नाव आहे. घरातील मोकळा वेळ चांगल्या बोलण्यात आणि खेळात गेला, तर तो वाया जात नाही, हे यावरून समजते.

रायपूरशी जोडलेले दुसरे नाव पंडित माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांचे. मराठी मातृभाषेच्या या लेखकाने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. असे ग्रंथ उत्साहाच्या एका झटक्यात अनुवादित होत नाहीत. पानामागून पान उतरवावे लागते. आपल्यालाही रोज दोन पाने वाचून एकमेकांना त्यातील एक विचार सांगता येईल. वर्षाला सातशे पाने होतात.

औंधच्या ज्या पंतप्रतिनिधींचा उल्लेख वर आला, ते उत्तम चित्रकार होते आणि कीर्तनही करीत. त्यांनी जमवलेल्या कलावस्तूंचे संग्रहालय १९३८ पासून औंधला उभे आहे. राज्यकारभार, व्यायाम आणि कला हे तिन्ही एका आयुष्यात बसले, कारण प्रत्येकाला दिवसात त्याचा वाटा दिलेला होता.

दांपत्याने छंदाचे दोन भाग करावेत. एक छंद सोबतचा असावा : बागेची नोंदवही ठेवणे, भजन म्हणणे, बुद्धिबळाचा एक डाव, दिवाळी अंक आळीपाळीने मोठ्याने वाचणे, महिन्यातून एकदा जवळचे एखादे स्थळ पाहणे. रायपूरकरांना महानदीच्या काठचे सिरपूर जवळ आहे. तेथील लक्ष्मण मंदिर विटांचे असून सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचे मानले जाते. ते पाहून परतताना दोघांना बोलायला कितीतरी विषय मिळतात.

दुसरा छंद प्रत्येकाचा स्वतःचा असावा. पत्नीला पेटी शिकावीशी वाटते आणि पतींना लाकूडकाम आवडते, तर दोघांनी एकमेकांना त्या अर्ध्या तासात मोकळे सोडावे. सर्वच गोष्टी एकत्र केल्या पाहिजेत, हा आग्रहही जाचक होतो. दोन झाडे एकाच कुंडीत दाटीने लावली, तर दोन्ही खुरटतात. थोडे अंतर ठेवले, तर दोघांनाही ऊन मिळते आणि वर फांद्या एकमेकींना भेटतात.

६. एक जण घरी नसताना

पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला दोन महिने गेली आणि मागे पतींना वरणभातही करता येत नाही. किंवा पती रुग्णालयात आहेत आणि पत्नीला वीजबिल कसे भरायचे, कोणत्या कुंडीला किती पाणी लागते हे ठाऊक नाही. अशी घरे आपण पाहतो. त्या वेळी अडचण कामाची असते, पण घाबरते ते मन.

म्हणून महिन्यातून एक आठवडा कामांची अदलाबदल करावी. बाग पाहणाऱ्याने स्वयंपाक पाहावा, स्वयंपाक पाहणाऱ्याने बाग आणि बँकेची कामे पाहावीत. एका वहीत दोघांच्या हस्ताक्षरात नोंदी असाव्यात : कोणते बी केव्हा पेरले, कोणते औषध कोणत्या वेळी घ्यायचे, महत्त्वाची कागदपत्रे कोठे ठेवली आहेत.

आणखी एक सत्य आपण शांतपणे पाहिले पाहिजे. दोघांपैकी एक जण एक दिवस मागे राहणार आहे. हा विचार अशुभ म्हणून टाळल्याने टळत नाही. मागे राहणाऱ्याला त्या दिवशी कशाचा आधार असेल? चालण्याची सवय असलेले पाय, स्वतःचा एखादा छंद, पहाटे तलावाकाठी भेटणारी माणसे आणि सकाळी पाणी मागणारी चार झाडे. हे सर्व त्या दिवशी एकाएकी उभे करता येत नाही. सोबत असतानाच रोज थोडे-थोडे रुजवून ठेवावे लागते. आपल्या माणसावरचे प्रेम याहून चांगले कसे दाखवता येईल?

७. या आठवड्याचा अभ्यास

पुढील सात कृती एकेका दिवशी सुरू कराव्यात. सुरू केलेली कृती पुढे चालू ठेवावी.

सोमवार : एक कुंडी निवडून दोघांनी मिळून एक पालेभाजी पेरावी. पेरल्याची तारीख वहीत लिहावी.

मंगळवार : सकाळी किंवा सायंकाळी पंधरा मिनिटे एकत्र चालावे. त्या वेळी मोबाइल घरी ठेवावा.

बुधवार : दोघांनी दिवसभरातील कामे कागदावर लिहून कोणाकडे किती आहेत ते पाहावे. एक काम पूर्णपणे हस्तांतरित करावे.

गुरुवार : तीन सूर्यनमस्कार किंवा खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे.

शुक्रवार : प्रत्येकाने अर्धा तास स्वतःच्या छंदासाठी घ्यावा आणि दुसऱ्याने तो वेळ जपावा.

शनिवार : कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात, गच्ची झाडावी आणि सायंकाळी सोबतचा छंद जोपासावा.

रविवार : बाहेरगावी असलेल्या मुलांशी बोलल्यानंतर दहा मिनिटे फक्त एकमेकांशी बोलावे.

रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आज मी समोरच्याचे पूर्ण ऐकले का? आज माझ्यामुळे त्यांचा थोडा वेळ मोकळा झाला का? आज मी माझ्या शरीराची काळजी घेतली का? उत्तरे एकमेकांना दाखवण्याची आवश्यकता नाही.

एखादा दिवस चुकेल. पाहुणे येतील, पाऊस लागून राहील, अंगात कणकण असेल. चुकलेल्या दिवसाचे पाणी दुसऱ्या दिवशी दुप्पट घालू नये. त्या दिवसाचे तेवढेच घालावे आणि पुढे चालावे. उद्या सकाळी मातीत बोट घालून पाहावे, चहा आपण करावा आणि ‘चला, जरा चालून येऊ’ असे म्हणावे.